आजीची कवळी आणि दोन रुपयांचं पुस्तक

पत्र: आम्ही साताऱ्यात, गोडोलीत राहतो. माझी मुलगी पाचवीत आहे. वाचायची आवड आहे म्हणावं, तर फक्त कॉमिक्सची. धड्याचं पुस्तक हातात दिलं की जांभया सुरू. गेले चार-पाच महिने ती स्वतःच कॉमिक्स करायला लागली आहे. वहीची मधली पानं काढते, दुमडते, स्टेपल करते आणि वर्गात दोन-दोन रुपयांना विकते. वह्या निम्म्या झाल्यात. सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे, असं त्यांचं म्हणणं, आणि तिचं शुद्धलेखन बघून तर ते लाल पेन घेऊनच बसतात. परवा बाईंनी तिची पुस्तकं जप्त केली आणि मला शाळेत बोलावून घेतलं. वर्गातल्या एका मुलीचे दात पुढे आहेत, हिने तिचं तसं चित्र काढून विकलं आणि ती मुलगी रडली. त्यात स्कॉलरशिपचे क्लास सुरू आहेत. हे सगळं आता बंद करावं का? तिच्या एका पुस्तकाचे फोटो सोबत पाठवते आहे. – एक आई

ताई,

पत्र एकदा वाचलं आणि फोटो चारदा बघितले. म्हणून आधी फोटोंबद्दलच बोलते.

पुस्तकाचं नाव ‘आजीची कवळी’. दुसऱ्या पानावर आजी झोपताना कवळी पेल्यात ठेवते. तिसऱ्यावर घर झोपलंय आणि खिडकीतून अजिंक्यतारा दिसतोय, वरच्या टीव्हीच्या मनोऱ्यासकट. चौथ्यावर किलकिलं दार. पाचव्यावर नुसता पेला. रिकामा. त्या पानावर एक अक्षर नाही. सहाव्यावर गल्लीतलं कुत्रं आपल्याकडे तोंड करून हसतंय, माणसासारखी सरळ दंतपंक्ती दाखवत.

कुत्र्याने कवळी पळवली असं या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. चोरीचं चित्रही नाही. ती चोरी माझ्या डोक्यात झाली, पाचव्या आणि सहाव्या पानाच्या मध्ये. तुमच्या दहा वर्षांच्या मुलीने ते पान मुद्दाम मोकळं सोडलं, कारण वाचणारा ते भरून काढील याची तिला खात्री होती. पंचवीस वर्षं मराठी शिकवलं मी. दहावीच्या मुलांना ‘सगळं सांगू नका रे, थोडं वाचणाऱ्यावर सोडा’ हे सांगून घसा कोरडा पडायचा.

तेव्हा ‘चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे’ हे नानांचं म्हणणं आधी घेऊ. (तुमच्या सासऱ्यांना मी नाना म्हणते, रागावणार नाहीत अशी आशा.) त्यांच्या हातात एखादं दाट चौकटींचं कॉमिक द्या आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आधी बोलण्याचा कुठला फुगा वाचायचा? वरचा की डावीकडचा? हा बोलतोय की मनात म्हणतोय? अक्षरं बारीक का झाली, कुजबुज आहे म्हणून का? तोंडाने ‘मला काही वाटलं नाही’ म्हणतोय, पण भुवया वेगळंच सांगतायत, मग खरं काय? आणि दोन चौकटींच्या मधल्या बोटभर पांढऱ्या जागेत किती वेळ गेला, एक क्षण की दहा वर्षं? पोरं हे सगळं झपाझप करतात म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. सरावाची सायकलही बघणाऱ्याला सोपीच वाटते.

शब्दसंपत्तीचंही तसंच. १९८८ साली हेज आणि एरेन्स या अमेरिकी अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रकारच्या मजकुरात कमी वापरातले शब्द किती येतात ते मोजलं होतं. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१, कॉमिक्समध्ये सुमारे ५३. मोजणी इंग्रजीची आहे, मराठीला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. पण मला ती पटते. आमच्या लहानपणी एसटी स्टँडसमोर एक जण दोरीवर इंद्रजाल कॉमिक्स टांगून बसायचा, दिवसाच्या भाड्याने द्यायचा. ‘तस्कर’ हा शब्द मी पहिल्यांदा तिथे वाचला, वेताळाच्या (म्हणजे मुखवटेवाल्या फँटमच्या) गोष्टीत. अर्थ कुणाला विचारावा लागला नाही, रात्रीच्या अंधारात होडीतून पेट्या उतरवणारी माणसं शेजारीच काढलेली होती.

कॉमिक्स मुलांना बिघडवतात ही भीती तुमच्या घरातच जन्मली असं समजू नका. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तिकडच्या सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली. पुढे त्याची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या संशोधिकेने ती तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं, की मुलांच्या जबान्या त्याने आपल्या सोयीने बदलल्या, जोडल्या, तोडल्या होत्या. म्हणजे कॉमिक्सवर खटला भरणाऱ्यानेच पुराव्यात हात घातला होता! याचा अर्थ सगळी कॉमिक्स चांगली असतात असा मात्र नाही. टुकार कादंबऱ्या असतात तशी टुकार कॉमिक्सही ढिगाने आहेत, आणि बायकांना नुसतं किंचाळायला ठेवणारी तर विचारूच नका.

आता शुद्धलेखन. इथे मी नानांच्या बाजूने अर्धी आहे.

सातव्या पानावर आजी म्हणते, ‘माजं दात कुनी न्हेलं?’ नानांनी त्यावर लाल शाईने लिहिलंय, ‘माझे दात कोणी नेले?’ ताई, कवळी हरवलेली बाई पहाटे उठून असं स्वच्छ, छापील मराठी बोलेल का, हे नानांनीच सांगावं. गंमत पुढे आहे. त्याच पानावर चौकटीच्या वरच्या पट्टीत मुलीने लिहिलंय, ‘सकाळचे सहा वाजले होते.’ ‘व्हते’ नाही, ‘होते’. म्हणजे सांगणाऱ्याची भाषा प्रमाण आणि आजीच्या फुग्यातली भाषा आजीची, हा भेद तिचा तिने पाळलाय, पुस्तकभर, एकदाही न चुकता. मोठमोठ्या लेखकांना हे सांभाळताना धाप लागते. फुग्यातल्या ‘न्हेलं’ला लाल शाई लावायची नाही. ‘खीडकी’ आणि ‘आणी’ मात्र चुकाच आहेत, त्या चुका म्हणूनच दाखवा. फक्त वेळ साधा. प्रती काढायच्या आधी, पुस्तक अजून पेन्सिलीत असताना, नानांना मुद्रितशोधक नेमा. लाल पेन नाही, पेन्सिल. शंका असेल तिथे बारीक टिंब द्यायचं, दुरुस्ती तिने करायची. छापून झालेल्या पुस्तकावर रेघोट्या मारणं याला तपासणी म्हणत नाहीत.

तुम्ही विचारलंय बंद करावं का. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं मुख्य कारण वाचन नव्हेच. कारण ते दोन रुपये.

शाळेतल्या निबंधाला वाचक नसतो, तपासनीस असतो. ‘मी पाहिलेला पाऊस’ हा निबंध जगात कुणालाही वाचायचा नसतो. बाईंनाही नसतो, त्यांना साठ वह्या संपवायच्या असतात. मुलांना हे पहिल्या महिन्यात कळतं आणि ती तसंच लिहायला लागतात. तुमच्या मुलीचं पुस्तक मात्र मधल्या सुट्टीत कुणीतरी खाऊचे पैसे मोडून घेतं, तिच्यासमोर उघडतं आणि पाचव्या पानावर एकतर हसतं, नाहीतर ‘काय कळलं नाय गं’ म्हणतं. ते ‘कळलं नाय’ ऐकून ती घरी येते आणि कुत्र्याचे दात आणखी मोठे काढते. वाचणाऱ्याला काय माहीत आहे, काय नाही, कुठे तो अडेल याचा विचार ती दहाव्या वर्षी करतेय. पुढे अर्ज लिहायचा असो की कविता, हाच विचार लागतो.

या प्रकाराला बाहेर ‘झीन’ म्हणतात. स्वतःच लिहायचं, स्वतःच काढायचं, थोड्या प्रती करायच्या, हातोहात वाटायच्या. १९३०च्या दशकात अमेरिकेत विज्ञानकथांच्या वेड्यांनी एकमेकांना अशी पत्रकं धाडायला सुरुवात केली, तिथून हा शब्द आला. शब्द तिकडचा असेल, वस्तू नानांच्या ओळखीची आहे. त्यांना विचारा, त्यांच्या शाळेत हस्तलिखित निघत होतं का. निघतच असणार. सुबक अक्षराची मुलगी शोधायची, चित्रकलेच्या सरांकडून मुखपृष्ठ, संक्रांतीच्या आसपास प्रकाशन, आणि मग कपाटात बंद. (ते कपाट, ती एकच प्रत, हा आपल्या हस्तलिखितांचा मोठा दोष. झेरॉक्सने तो घालवला.) शेजारच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं ते कारखान्याचं छोटेखानी पत्रक म्हणून, आणि त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढायचे. पुढे त्याचंच महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. तुमच्या मुलीचं तसं काही होईल असं मी म्हणत नाही. छोटं पत्रक म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे, एवढंच.

आता त्या रडलेल्या मुलीचं.

इथे मला तुमच्या लेकीची बाजू घ्यायची नाही. ‘लहान आहे, गमतीत काढलं’ असं म्हणून सोडू नका. तिने एक चित्र काढलं, त्याच्या प्रती केल्या आणि त्या विकल्या. वहीत काढून ठेवणं वेगळं, विकणं वेगळं, हा फरक तिला समजायलाच हवा. पण बाईंनी केलं तसं सगळी पुस्तकं जप्त करून तो समजत नाही. त्याने फक्त लपवायचं कसं ते समजतं.

‘भीमायन’ नावाचं एक चित्रपुस्तक आहे, २०११चं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य त्यात चितारलंय. त्यात सातारा आहे, ताई. बाबासाहेबांचं लहानपण इथलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते इथल्या सरकारी शाळेत दाखल झाले, तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. १९०१च्या उन्हाळ्यात भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला हा मुलगा मसूर स्टेशनावर उतरतो, आणि जात कळल्यावर त्यांना गाडीवान मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. हे सगळं त्या चित्रांत आहे. पण मी हे पुस्तक काढलं ते फुग्यांसाठी. यात साध्या माणसांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत. आणि ज्यांच्या बोलण्यात विष आहे त्यांच्या फुग्याला शेपूट आहे ते विंचवाच्या नांगीचं. मूळ पुस्तक इंग्रजीत आहे, तुम्ही शेजारी बसून सांगत सांगत वाचा. वाचून झाल्यावर तिचं ते दातांचं चित्र तिच्यासमोर ठेवा आणि एवढंच विचारा, ‘तुझ्या या फुग्याचं शेपूट कसलं?’ उत्तर लगेच मागू नका.

नंतर तिला संपादकाचं काम करू द्या. वर्तमानपत्र चुकलं की दिलगिरी छापतं. पुढच्या अंकाच्या दुसऱ्या पानावर तिने दिलगिरी छापायची, स्वतःच्या शब्दांत, त्या मुलीचं नाव आणि दातांचा उल्लेख न करता. छापण्याआधी ती त्या मुलीला दाखवायची. तिला नको असेल तर छापायची नाही, तोंडी माफी मागायची. ज्या प्रती विकल्या त्या परत मागून आणायच्या, दोन-दोन रुपये परत देऊन. पैसे तिच्या डब्यातून जाऊ देत, तुमच्या पर्समधून नकोत. आणि पुढचा नियम घरात ठरवून टाका. आपल्या घरातल्या माणसांची टिंगल चालेल, त्यांना विचारून. आजीने कवळीची परवानगी दिली होती का, हेही बघा जरा.

बाईंकडे एकदा तुम्हीच जा, तक्रार घेऊन नव्हे. त्यांना चार चौकटींचं भित्तिपत्रक सुचवा. दिल्लीच्या शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने हा प्रकार गावोगाव नेलाय. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटींत आपल्या भागातला एक प्रश्न, काळ्या पेनाने चित्रं, झेरॉक्स काढून भिंतीला. चित्रकला येत नसलेली माणसंही ते करतात. वर्गातली साठही मुलं करतील, मग तुमची मुलगी एकटी खोडकर उरणार नाही.

वह्यांचं दुखणं तर पाच मिनिटांत सुटेल. वहीचं एक पान ओढलं की त्याचा जोडीदार दुसऱ्या टोकाला निखळतो, म्हणून वह्या निम्म्या होतायत. तिला ए-फोरचे कोरे कागद आणून द्या आणि हे शिकवा. कागद लांबीत दुमडून उघडायचा. मग रुंदीत दुमडायचा, आणि पुन्हा एकदा तसाच. उघडला की आठ घरं दिसतील. आता कागद रुंदीत एकदाच दुमडून धरायचा आणि दुमडीच्या बाजूने मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवायची, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच. तिथे थांबायचं, पुढे कापलं तर दोन तुकडे हातात. कागद उघडून पुन्हा लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. मधली चीर शंकरपाळ्यासारखी उघडते, मग मिटते, आणि आठ पानांचं पुस्तक तयार. स्टेपलर नको, गोंद नको. सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येतात, म्हणजे एका झेरॉक्समध्ये एक प्रत.

फसगत एकाच ठिकाणी होते. कागद उघडला की एका ओळीतली चार पानं उलटी असतात. म्हणून आधी कोऱ्या पुस्तकावर १ ते ८ आकडे घालायचे, मग उघडून त्या आकड्यांच्या दिशेने चित्रं काढायची. कडेला पेराएवढी जागा मोकळी सोडायची, झेरॉक्स मशीन कडा खातं. पेन्सिल फिकी उमटते, शेवटी काळं पेनच हवं. आणि हिशेब तिलाच मांडू द्या. दोन रुपयांना झेरॉक्स आणि दोन रुपयांना पुस्तक, हा धंदा कसा चालायचा? स्कॉलरशिपच्या नफा-तोट्याच्या गणितांना यापेक्षा चांगला क्लास मिळणार नाही. क्लासबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

एक गोष्ट मात्र कॉमिक्सने होत नाही. दोन-अडीचशे पानं एका दमात पेलायची, चित्राचा आधार न घेता माणसं डोळ्यांपुढे उभी करायची, ही ताकद गद्य वाचूनच येते. त्यासाठी कॉमिक्स काढून घेऊ नका, ‘एक धडा वाच, मग एक कॉमिक’ असली देवाणघेवाणही नको, त्याने धडा ही शिक्षाच ठरते. रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही किंवा नानांनी मोठ्याने वाचून दाखवा, आणि रंगात आल्यावर पुस्तक मिटा. पुढचं तिचं ती शोधील. सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला जा, मे २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. काय उचलायचं ते तिला ठरवू द्या आणि तुम्ही स्ट्रॉबेरी खात बसा.

आणि नानांना घेऊन एकदा आपल्याच जिल्ह्यातल्या औंधला. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी सगळं रामायण चित्रांमधून सांगितलं आणि १९१६ मध्ये ते पुस्तक म्हणून निघालं. टेकडीवर त्यांचं संग्रहालय आहे. तिकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी तर पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आली, एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारत गायचं. या मंडळींना नाना ‘चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे’ म्हणतात का, ते बघू या.

बाकी, शेवटच्या पानाचा तुम्ही काढलेला फोटो हलला आहे. आजी हातात काहीतरी धरून उभी आहे एवढंच दिसतं. ती कवळी आहे की चप्पल? तेवढं पुन्हा काढून पाठवा.